जीडीपीच्या तक्त्यातली ‘विसंगती’: वजा करायची की वाचायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जीडीपी उत्पादनाच्या बाजूनं मोजला काय, खर्चाच्या बाजूनं मोजला काय, उत्तर एकच यायला हवं, असं पाठ्यपुस्तक सांगतं. मग अधिकृत तक्त्याच्या तळाशी ‘विसंगती’ नावाची, या दोन बाजूंतला फरक दाखवणारी ओळ कशासाठी असते? कधी ती मोठी असते, कधी उणे असते. खरी वाढ काढायची तर ती वजा करावी का? आणि सरकार नको ते आकडे तिथं लपवतं का? २०२३ मध्ये भारताच्या वाढीच्या आकड्यावरून झालेल्या वादाचाही तुम्ही उल्लेख केला आहे.

राष्ट्रीय लेखे, म्हणजे देशाचा आर्थिक हिशेब, तयार करण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. त्यातला मोठा भाग पुरवठा-वापर तक्ते (प्रत्येक मालाचा पुरवठा एका बाजूला, वापर दुसऱ्या बाजूला) जुळवण्यात, म्हणजे याच ओळीशी झटापट करण्यात गेला. आधी सरळ उत्तर देतो. ती ओळ वजा करू नका. लपवालपवीचा संशय असेल तर त्या ओळीवर सर्वांत शेवटी घ्या. पण तिच्याकडे दुर्लक्षही करू नका, कारण सगळ्या तक्त्यात हीच एक ओळ अशी आहे की जिचा अंदाज कुणी बांधलेला नसतो. बाकीचे सगळे आकडे कुणीतरी कुठून तरी उभे केलेले असतात. ही ओळ आपोआप उरते.

जुन्या हिशेबनीसांना उचंत खातं माहीत असतं. जमा-खर्चाचा मेळ बसेना, तर फरक उचंत खात्यात टाकायचा आणि शोध चालू ठेवायचा. विसंगतीची ओळ म्हणजे देशाच्या हिशेबातलं उचंत खातंच. फरक एवढाच की दुकानाच्या वहीत प्रत्येक नोंदीमागे पावती असते. देशाच्या हिशेबात पावत्या थोड्या आणि अंदाज फार.

एक खुर्ची घ्या. कारखान्यानं ती १०० ला विकली. सोयीसाठी कच्चा मालही त्याचाच धरू. व्यापाऱ्यानं त्यावर ३० मिळवले, सरकारनं १० कर घेतला, गिऱ्हाइकानं १४० मोजले. उत्पादनाच्या बाजूनं मूल्यवर्धन, म्हणजे प्रत्येकानं मालाच्या किमतीत घातलेली भर, १३०, त्यात कर मिळवला की १४०. खर्चाच्या बाजूनं थेट १४०. यात मेळ न बसण्याचा प्रश्नच येत नाही. पण सांख्यिकी कार्यालयाला खुर्ची दिसत नाही. कारखान्याचा आकडा कंपन्यांच्या वार्षिक विवरणातून येतो, तोही वर्षभर उशिरा. व्यापाऱ्याचे ३० कुठल्याशा जुन्या पाहणीतल्या गुणोत्तरावरून धरलेले असतात. कर तिजोरीत जमा झाल्या दिवसाचा असतो, विक्रीच्या दिवसाचा नाही. गिऱ्हाइकाचे १४० घरगुती खर्चाच्या पाहणीतून येतात. तिथं घरातल्या माणसाला खुर्ची आठवली तर ठीक, नाहीतर तीही गेली. चार वेगळ्या खिडक्यांतून एकच खोली पाहायची आणि चारही वर्णनं जुळवायची, असा हा खेळ आहे.

आणि इथंच एक बारकावा आहे. वर्तमानपत्रातल्या चर्चेत तो फारसा येत नाही. समजा घरगुती पाहणी सोडून दिली आणि गिऱ्हाइकाचा खर्चही कारखान्याच्या आकड्यावरूनच काढला: कारखान्याचा माल, अधिक आयात, उणे निर्यात, उणे उद्योगांनी वापरलेला माल, आणि त्यावर व्यापाराचं तेच जुनं गुणोत्तर. याला वस्तु-प्रवाह पद्धत म्हणतात. भारतात २०११-१२ हे आधारवर्ष धरून काढलेल्या आकड्यांच्या मालिकेत खासगी उपभोग खर्चाचा वार्षिक आकडा मुख्यतः याच पद्धतीनं काढत, आणि इतरही अनेक देश ती वापरतात. पद्धतीत वावगं काही नाही. पण आता दोन्ही बाजूंना एकच आकडा बसला. कारखान्याचा आकडा चुकला तर दोन्ही बाजू सारख्याच चुकतात आणि विसंगती शून्यच दाखवते. चूक आहे तिथंच आहे, दिसायची मात्र बंद झाली. म्हणून लहान विसंगती पाहून कुणी ‘आकडे चोख आहेत’ म्हणालं, तर मी पहिल्यांदा विचारतो: दोन्ही बाजूंचे स्रोत किती वेगळे आहेत?

विसंगती कुठून येते याची यादी करायची तर लांबेल. वेळेचा फरक हे साधं कारण. विमान आयात झाल्याची नोंद सीमाशुल्काकडे मार्चमध्ये होते आणि विमान कंपनीच्या मालमत्तेत ते एप्रिलमध्ये चढतं. मधल्या काळात एका तिमाहीत आयात वजा होते, पण गुंतवणूक मिळत नाही. पुढच्या तिमाहीत याच्या बरोबर उलटं. म्हणून तिमाहीत उडी मारणारी विसंगती वर्षाच्या बेरजेत पुष्कळदा शांत होते. किमतीचा पायाही कारण ठरतो: उत्पादन मूळ किमतीत, खर्च बाजारभावात, आणि मधला पूल कर-अनुदानांचा. अनुदानं एखाद्या तिमाहीत एकदम चुकती केली की तो पूल हलतो. मग साठ्यातला बदल. हा तर सगळ्याच देशांत दुखरा भाग. गोदामात किती माल उरला हे गोदामवाल्यालाही नीट ठाऊक नसतं. त्यातून साठ्याची किंमत वाढली तर तो उत्पादनाचा भाग नव्हे, धारणलाभ, म्हणजे माल नुसता जवळ ठेवून झालेला फायदा. तो वेगळा काढावा लागतो, आणि भाव पळत असतात तेव्हाच तो नीट निघत नाही.

पण मला विचाराल तर सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात मोठं कारण भाववाढ काढून टाकण्याची रीत हे आहे. इथं थोडं थांबू.

समजा एक उद्योग १०० चा माल तयार करतो आणि त्यासाठी ६० चा कच्चा माल आयात करतो. मूल्यवर्धन ४०. पुढच्या वर्षी तो तितकाच कच्चा माल घेऊन तितकाच माल करतो. तयार मालाचा भाव तोच, पण कच्चा माल १० टक्के स्वस्त झाला. चालू किमतीत, म्हणजे त्याच वर्षाच्या भावांनी, उत्पादन १००, कच्चा माल ५४, मूल्यवर्धन ४६. खर्चाच्या बाजूनं अंतिम वापर १०० उणे आयात ५४, म्हणजे ४६. विसंगती शून्य. आता स्थिर किमतीत, म्हणजे भावांतला बदल काढून टाकून पहिल्या वर्षाच्या भावांत या. खर्चाच्या बाजूला अंतिम वापर अंतिम मालाच्या किंमत-निर्देशांकानं आणि आयात आयातीच्या निर्देशांकानं भागली, तर १०० उणे ६०, म्हणजे ४०. वाढ शून्य, आणि तेच खरं, कारण प्रत्यक्षात काहीच जास्त बनलेलं नाही. उत्पादनाच्या बाजूला उत्पादन आणि कच्चा माल वेगवेगळ्या निर्देशांकांनी भागले तरी ४० च येतात. याला दुहेरी रीत (डबल डिफ्लेशन) म्हणतात. पण ४६ चं मूल्यवर्धन सरळ तयार मालाच्या निर्देशांकानं भागलं, म्हणजे एकेरी रीत वापरली, तर ४६ चे ४६ राहतात. वाढ १५ टक्के! चालू किमतीत दोन्ही बाजू तंतोतंत जुळलेल्या, आणि स्थिर किमतीत ६ ची विसंगती. कुणी काही लपवलेलं नाही, कुठली पाहणी चुकलेली नाही. फक्त भागाकार कशानं केला त्याचा हा खेळ.

यासाठीच माझी सवय अशी: विसंगती मोठी दिसली की आधी चालू किमतींचा तक्ता उघडायचा. तिथंही ती तितकीच मोठी असेल, तर घोळ मोजमापात आहे, म्हणजे व्याप्तीत, वेळेत किंवा साठ्यात. तिथं ती लहान आणि स्थिर किमतीत मोठी असेल, तर निर्देशांकांकडे बघायचं. दोन्हीची औषधं वेगळी आहेत.

आता ही ओळ कोण कुठं ठेवतं ते पाहा. ठेवण्याच्या जागेतही मतं दडलेली असतात. अमेरिका जीडीपी खर्चाच्या बाजूनं जाहीर करते, म्हणून तिथं सांख्यिकीय तफावत, म्हणजे हीच विसंगती, उत्पन्नाच्या (पगार, नफा वगैरेंच्या बेरजेच्या) बाजूला चिकटवलेली असते. खर्चाचे स्रोत जास्त भरवशाचे, असं तिथल्या आर्थिक विश्लेषण विभागाचं म्हणणं. तरी जुलै २०१५ पासून तो दोन्हींची सरासरीही छापतो. भारतात मुख्य आकडा उत्पादनाच्या बाजूनं येतो, म्हणून विसंगती खर्चाच्या तक्त्यात. म्हणजे जो आकडा जास्त विश्वासू मानला, तो स्वच्छ राहतो आणि कचरा दुसऱ्याच्या अंगणात जातो. कॅनडानं मध्यम मार्ग धरला: फरकाचे दोन समान भाग करायचे आणि एक या बाजूला, एक त्या बाजूला, उलट चिन्हांनी. ऑस्ट्रेलिया उत्पादन, उत्पन्न आणि खर्च असे तिन्ही आकडे छापून वर त्यांची सरासरी देतो. पुरवठा-वापर तक्ते जुळवून झालेल्या वर्षांसाठी तिथं विसंगती शून्य असते आणि अलीकडच्या तिमाहींत ती पुन्हा डोकं वर काढते. ब्रिटनमध्ये तिमाही आकडे जुळवताना एक ‘जुळवणी दुरुस्ती’ करतात आणि ती साठ्यातल्या बदलात मिसळतात. तिथल्या साठ्याच्या आकड्यावरून मंदी-तेजीचं भाकीत करणाऱ्यानं ही दुरुस्ती आधी शोधावी, नाहीतर तो गोदामांऐवजी सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज वाचत बसेल.

मुद्दा हा की शून्य विसंगती असलेल्या देशात मोजमापं जुळलेली असतात असं नाही. तिथं कुणीतरी बसून ती जुळवलेली असतात.

जुळवायची कशी याचं तर्कशुद्ध उत्तर मात्र जुनं आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ रिचर्ड स्टोन, डेव्हिड शँपरनाउन आणि जेम्स मीड यांनी १९४२ मध्येच ते मांडलं. युद्धकाळात ब्रिटनचे राष्ट्रीय लेखे उभे राहत होते, तेव्हाचा हा काळ. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक आकड्याला त्याच्या विश्वासार्हतेचं वजन द्या आणि फरक त्या प्रमाणात वाटा. ज्यावर जास्त भरवसा तो कमी हलवा, ज्यावर कमी तो जास्त. गणित चोख आहे. अडचण वजनांची. मी बसलेल्या जुळवणीच्या बैठकांत प्रत्येक विभागाला आपलाच आकडा सर्वांत पक्का वाटायचा. एकदा एका उत्पादनाचा पुरवठा वापरापेक्षा इतका जास्त निघाला की आठवडाभर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होतो. शेवटी निघालं ते असं: दुरुस्तीसाठी बाहेर पाठवून परत आणलेली यंत्रं एका बाजूनं आयात म्हणून मोजली गेली होती, दुसऱ्या बाजूनं नाही. सूत्रावर सोडलं असतं तर ती तफावत सगळ्यांच्यात इमानेइतबारे वाटली गेली असती आणि चूक कायमची आत राहिली असती. तेव्हापासून वाटपाआधी शोध, हा माझा नियम आहे. आणि शोध संपला की वाटप, हेही खरं, कारण आकडे जाहीर करायची तारीख कुणासाठी थांबत नाही.

आता तुम्ही ज्या वादाचा उल्लेख केलात तिकडे येऊ. भारताच्या एप्रिल-जून २०२३ तिमाहीची वाढ ७.८ टक्के जाहीर झाली. अर्थतज्ज्ञ अशोक मोदी यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये दाखवून दिलं की उत्पादनाच्या बाजूनं वाढ ७.८ असली तरी खर्चाची बेरीज जेमतेम १.४ टक्क्यानं वाढली आहे. अमेरिकेसारखी सरासरी काढली तर वाढ ४.५ टक्क्यांच्या आसपास येते, असं त्यांचं प्रतिपादन. अर्थ मंत्रालयानं त्याचा प्रतिवाद केला.

१.४ कुठून आला ते कागदावर करून पाहा. त्या वेळच्या आकड्यांनुसार आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत विसंगती जीडीपीच्या उणे ३.४ टक्क्यांजवळ होती आणि या वर्षी अधिक २.८ जवळ. आदल्या वर्षीचा जीडीपी १०० धरा. विसंगती उणे ३.४, म्हणजे खर्चाची बेरीज १०३.४. यंदाचा जीडीपी १०७.८. त्यातून त्याचे २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३, काढले की खर्चाची बेरीज १०४.८. १०३.४ वरून १०४.८ म्हणजे जवळपास १.४ टक्के. पाहा, यंदाची विसंगती एकटी बघितली तर ती तीन टक्क्यांची वाटते. वाढीवर मात्र तिचा परिणाम सहा टक्क्यांहून जास्त, कारण चिन्ह बदललं. वाढीच्या प्रश्नात विसंगती किती आहे यापेक्षा ती किती बदलली हे महत्त्वाचं. दर वर्षी अधिक ३ टक्केच राहिली असती, तर वाढीचा दर दोन्ही बाजूंनी सारखाच आला असता.

मोदींनी बोट ठेवलं ती जागा बरोबर होती, असं माझं मत. सहा टक्क्यांचा झोका आला तर कोणत्याही सांख्यिकी कार्यालयानं स्पष्टीकरण द्यायलाच हवं. पण सरासरीचा उपाय मला पटत नाही. सरासरी तेव्हाच न्याय देते, जेव्हा दोन्ही मोजमापं एकमेकांपासून स्वतंत्र असतात आणि दोन्हींची चूक साधारण सारख्याच मापाची असते. भारताच्या तिमाही खर्चाच्या आकड्यांत यातलं काहीच धड लागू होत नाही. ते बरेचसे थेट मोजलेले नसतात, इतर निर्देशकांच्या चालीवरून पुढे ओढलेले असतात. आणि दुसरं: आदल्या वर्षीच्या उणे ३.४ चा अर्थ असा की त्या वर्षी खर्चाची बेरीज जाहीर जीडीपीपेक्षा मोठी होती. तेव्हा कुणी ‘जीडीपी कमी दाखवलाय, विसंगती काढा’ म्हणाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. विसंगती वजा करायची तर दोन्ही वर्षी करावी लागते, सोयीच्या वर्षी नाही.

त्या तिमाहीत खरी गोष्ट निर्देशांकांत होती, असा माझा अंदाज आहे. घाऊक किमतींचा महागाई दर एप्रिल, मे, जून असे तिन्ही महिने शून्याखाली होता. किरकोळ महागाई मात्र चार टक्क्यांच्या वर. चालू किमतीत जीडीपी ८ टक्के वाढला आणि स्थिर किमतीत ७.८, म्हणजे सगळ्या अर्थव्यवस्थेची भाववाढ जेमतेम ०.२ टक्के निघाली! २०११-१२ आधारवर्षाच्या त्या मालिकेत शेती सोडली तर बहुतेक ठिकाणी एकेरी रीतच वापरात होती. वरचं १००-६०-४० चं उदाहरण परत एकदा वाचा. कच्चा माल स्वस्त होत असताना एकेरी रीत वाढ फुगवते, आणि महाग होत असताना, म्हणजे बरोबर आदल्या वर्षी घडलं तसं, वाढ दाबते. विसंगतीचं चिन्ह त्या दोन वर्षांत उलटलं ते याच दिशेनं. सगळा झोका याच कारणानं आला असं मी म्हणणार नाही. पण एखाद्याला शोध घ्यायचा असेल तर पहिला दिवा मी इथं लावीन.

‘दोघांपैकी खरा कोण’ याला ठाम नियम नाही, आणि अमेरिकेचे दोन प्रसंग ते नीट दाखवतात. २००७ मध्ये मंदी येऊ घातली होती तेव्हा उत्पन्नाच्या बाजूनं मोजलेला आकडा आधी मऊ पडला आणि खर्चाचा जीडीपी मागाहून दुरुस्त होत होत त्याच्याकडे सरकला. तेव्हा फेडरल रिझर्व्हमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेत, असलेले जेरेमी नेलेवेक यांनी यावर बराच अभ्यास केला. त्यानंतर उत्पन्नाची बाजू वाकली की लोकांचे कान टवकारले जाऊ लागले. २०२३ मध्ये ती पुन्हा वाकली. जीडीपी जोमात, उत्पन्न मरगळलेलं. आता जीडीपी खाली दुरुस्त होणार, असं पुष्कळांना वाटत होतं. झालं उलट. सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक दुरुस्तीत २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीची उत्पन्नाच्या बाजूची वाढ १.३ वरून ३.४ टक्क्यांवर गेली आणि जीडीपीची ३ टक्के तशीच राहिली. तफावत मिटली, पण २००७ च्या नेमक्या उलट दिशेनं.

तर ही ओळ वाचायची कशी? मी एका तिमाहीवर मत बनवत नाही. चार तिमाहींची बेरीज घेतो. वेळेचा गोंधळ तिथं बराचसा धुऊन निघतो. मग चिन्ह बघतो. कधी अधिक, कधी उणे असं हेलकावणारं असेल, तर तो मोजमापाचा गोंगाट. वर्षानुवर्षं एकाच बाजूला असेल, तर कुठलीतरी व्याप्तीची चूक मुरलेली आहे: एखादं क्षेत्र एका बाजूला मोजलं जातंय, दुसऱ्या बाजूला नाही. शेवटी जुन्या प्रकाशनांतले आकडे काढून पाहतो की त्याच वर्षाची विसंगती पहिल्या अंदाजात किती होती आणि अंतिम अंदाजात किती राहिली. दुरुस्तीगणिक ती आटत असेल, तर यंत्रणा काम करतेय. आटत नसेल, तर कार्यालयाकडे नवी माहितीच येत नाहीये. या कामाला फक्त चिकाटी लागते, अर्थशास्त्राची पदवी नाही.

लपवण्याचा प्रश्न राहिला. आकडा फुगवायचाच असं कुणी ठरवलं, तर तो अशा जागी का फुगवेल, जिथं तळाला वेगळ्या ओळीत तो सगळ्यांना दिसेल? तसं करायला सोयीच्या जागा वेगळ्या आहेत. निर्देशांकाची निवड ही एक. दुसरी म्हणजे असंघटित क्षेत्र. तिथं प्रत्यक्ष पाहणी पुष्कळ वर्षांनी एकदा होत असेल, जशी भारतात २०११-१२ च्या मालिकेत व्हायची, तर मधल्या काळात संघटित क्षेत्राच्या चालीवरून असंघटिताची चाल गृहीत धरली जाते. संघटित कंपन्या बरकतीत आणि छोटे धंदे बुडीत, असं एखाद्या वर्षी झालं, तर आकड्यात दोघंही बरकतीतच दिसतात. खर्चाची बाजूही त्याच मालाच्या प्रवाहावर उभी असेल, तर तीही तेच सांगते. तिथं ताडून पाहायला दुसरं मोजमापच नाही, म्हणून विसंगतीही उमटत नाही.